पंख धरणारा

आता मी एकटाच येतो मैदानावर.
ताडपत्री काढतो, तेलाची पट्टी फडक्याला पुसून पाहतो,
प्रोपेलरच्या कडेवरून अंगठा फिरवतो,
किल्ली लावतो.
दोनदा खोकतं, मग लागतं.
कुणाला हाक मारावी लागत नाही.

आधी हाकेशिवाय उडताच येत नव्हतं.
रविवारी सकाळी सातला
सहा जण तरी हवेत.
सहाचे तीन झाले की मिसळ खाऊन घरी.

विंचवर गुळवे.
ट्रकचं इंजिन बसवलेलं ते धूड
पार त्या टोकाला, बाभळीखाली.
उडताना त्याचा चेहरा कधी दिसला नाही,
पण हात ओळखायचो.
दोरी आधी हळू ताणायचा,
झोपलेलं पोर उठवावं तशी,
आणि मग एकदम.
हजार फुटांवर मी खटका ओढायचो.
टक्.
त्यानंतरची शांतता
पहिले तीन सेकंद कानात दुखायची.

आणि उजव्या पंखाच्या टोकाशी पुंजाराम निमसे.
पंख जमिनीला टेकू नये म्हणून
धरून माझ्याबरोबर पळणारा.
तीस पावलं.
एकतिसाव्याला त्याच्या हातातून सुटायचो मी.
खाली उतरलो की तो विचारायचा,
"आज नीट सोडलं ना?"
जणू उडालो तो मी नव्हतोच.

तीस वर्षं प्रेसमध्ये
नोटांतल्या चुका शोधल्या भिंगातून.
वर मात्र भिंग नव्हतं.
काचेवर चिकटवलेला लोकरीचा लाल धागा,
व्हेरिओची पिपाणी,
आणि पाथर्डीच्या नांगरटीवर गोल फिरणाऱ्या घारी.
त्या जिथे, तिथे मी.
एप्रिलात दिंडोरीकडे हवा अचानक मेली
आणि कापलेल्या गव्हाच्या वावरात उतरलो,
तेव्हा वावरवाल्या बाईंनी तांब्याभर ताक दिलं
आणि विचारलं, "पेट्रोल संपलं का भाऊ?"
"नव्हतंच," म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं
ते अजून आठवतं.

मग गुळवे मुलीकडे चाकणला गेला.
विंच भंगारात गेली, वजनावर.
पुंजारामचे गुडघे गेले.
केकी सर म्हणाले, "डिकरा, मोटरवालं शीक.
कोणाची वाट बघत बसायचं ह्या वयात?"

शिकलो. खोटं कशाला बोलू, आवडलं.
ब्रह्मगिरी मागे टाकून त्र्यंबकच्या पलीकडे जातो,
सप्तशृंगीच्या कड्याला लांबून वळसा घालतो,
आणि जेवायला घरी.
बायको खूश.

कधी गंगापूर धरणावर, चार हजार फुटांवर,
इंजिन बंद करतो.
प्रोपेलर थरथरत थांबतो आडवा.
शांतता येते. तीच येते.
लाल धागा तसाच सरळ.
एखादी घार जवळून जाते,
मान वळवून बघते,
आणि मला ओशाळल्यासारखं होतं.
किल्ली हाताशी आहे ना.
डबा शेजारी ठेवून धरलेला उपास हा.
तरी धरतो.

परवा पुंजाराम आला, काठी टेकत.
पंखाखालचं ते चाक पाहत राहिला,
खेळण्यातल्या ट्रकचं असावं एवढं.
"ह्यानं घेतलं होय माझं काम?"
मी म्हणालो, पंख आता टेकत नाही,
धरावा लागत नाही.
"हं," म्हणाला.
काठी कुंपणाला लावून ठेवली,
आणि जाऊन उभा राहिला
उजव्या टोकाशी, नेहमीच्या जागी,
तळवा पंखाखाली.

इंजिन लावलं.
काचेतून त्याचे ओठ हलताना दिसले.
काय म्हणाला ऐकू आलं नाही, कळलं.
ब्रेक सोडला,
आणि गॅस दिला
त्याच्या गुडघ्यांना झेपेल एवढाच.
एक. दोन.
तीन.