दर सव्वा सेकंदाला

लाखांदूरच्या नगरपंचायतीच्या बागेत
घसरगुंडीच्या मागे एक उघडी जागा आहे.
झाडं लावली होती, जगली नाहीत,
म्हणून आभाळ पूर्ण दिसतं.
प्लास्टिकच्या पाइपला अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कांड्या बांधून
मी तिथे संध्याकाळी उभा राहतो.
दिवसा डाकघरात शिक्के मारतो.

चौकीदार डोमाजीनं पहिल्या दिवशी विचारलं,
"का गा, मोहोळ काढतेस का?"
म्हटलं, वरून उपग्रह जातो, त्याचा आवाज धरतो.
आवाजाचं चित्र होतं.
त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि विडी पेटवली.

चित्र होत होतं, पण शिवलेलं.
ढगांवर पांढरे टाके,
राइस मिलमध्ये पोत्याचं तोंड शिवतात तसे.
दर सव्वा सेकंदाला एक. मी मोजले.

गेन चाळीसवरून अठ्ठावीसवर आणला.
टाके बारीक झाले, ढगही बारीक झाले.
ड्रायव्हर काढून जुना टाकला,
अपडेटनं रात्रीतून परत नवा बसवला.
साउंडकार्डचं घड्याळ किंचित मागे,
त्यापायी अख्खा समुद्र तिरपा;
तो सरळ करण्यात तीन रविवार गेले.
एका फाइलमधली एक संख्या बदलली
आणि आधी काय होती ते विसरलो.
शेवंता म्हणाली, लिहून ठेवत जा.
तेव्हापासून आमच्या दुधाच्या वहीत
दशांश चिन्हं आहेत.

वडशाची गाडी येताना उंच वाजते,
पुढे गेली की सूर उतरतो.
उपग्रहाचंही तसंच.
टाके मात्र येताना तेच, जाताना तेच.
म्हणजे ते आभाळातले नव्हतेच.
एवढं कळायला मला संक्रांत उजाडली.

मग खिशातला रेडिओ
दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावला
आणि चालत सुटलो.
झोपाळ्यापाशी, टक्.
कधीच न उडालेल्या कारंज्यापाशी, टक्.
मागच्या भिंतीला टक्, टक्, इतकं मोठं
की डोमाजीचं कुत्रं उठून बसलं.

भिंतीपलीकडे कौतिकाबाई दोनाडकरांचा हरभरा,
भोवती झटक्याची तार.
म्हटलं, बाई, दहाच मिनिटं मशीन बंद ठेवता का,
पाच सत्तेचाळीस ते पाच सत्तावन्न?
"दहा मिनिटांत डुकरं जेवून हात धुवून जातीन, बाबा."
तरी तिनं रेडिओ मागितला, कानाशी धरला.
"मशीन असं नाही वाजत.
गवत लागलं तारेले. ओल आली का चरचरते."
कमरेचा विळा काढला.
वाकली. चार पावलं पुढे, पुन्हा वाकली.

आणि एका टक् नंतर
पुढचा आलाच नाही.
उरला नुसता खरखराट,
सुपात धान पाखडल्यासारखा.
गेनबद्दल मी तिला काही बोललो नाही.

पाच सत्तेचाळीसला चित्र उतरू लागलं, ओळीखाली ओळ.
पाच पोट्टे, चालायला आलेल्या दोन शिक्षिका,
डोमाजी, आणि भिंतीवर कोपरं टेकून कौतिकाबाई.
ढग. मग किनाऱ्याची कड. एकही टाका नाही.
"याच्यात आपली बाग कुठं हाये?" डोमाजी म्हणाला.
मी बोट ठेवलं.
बोटाखाली भंडारा गेला, गोंदिया गेला,
गडचिरोलीही बरीचशी.
"अन् माहा हरभरा?"
"त्यातच."
"बरं," म्हणाली, आणि विळा पुसला.

तेवढ्यात धाकटी शिक्षिका म्हणाली, हे उलटं आहे का?
होतं. दक्षिणेकडून वर जाणारा उपग्रह
देश उलटाच देतो.
सेटिंगमध्ये एक चौकट असते,
तिच्यावर खूण केली की सरळ.
मी चौकट शोधत होतो
तोवर प्रज्योत नावाच्या पोट्ट्यानं
लॅपटॉपच उचलला आणि फिरवून ठेवला.
"आता पाहा."

ती चौकट अजून रिकामी आहे.