तीन बोटं उजवीकडे

वडूजला एसटी स्टँडसमोर माझं स्टेशनरीचं दुकान.
जूनमध्ये वह्या, मार्चात परीक्षेची पॅडं,
बाकी वर्षभर झेरॉक्स.
आनंदा फडतरे पहिल्यांदा आले
ते सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला,
आणि यंत्र थांबलं तरी
काचेतल्या रंगांच्या बाटल्या बघत उभे राहिले.

"पोस्टर कलर द्या. सगळे. हिरवा सोडून."
मी म्हटलं, डोंगर काढायचा तर हिरवा लागंल की.
"तयार हिरवा लई वर्षं अंगावर घातलाय.
पिवळा न् निळा द्या, आमचं आम्ही करतो."

मग सांगितलं, एकदम नाही, चार-पाच खेपांत,
सुट्टे पैसे मोजून घेता घेता.
तोफखान्यात होते. एकाहत्तरला, शकरगढच्या अंगाला.
निरीक्षण चौकीत काम काय, तर चित्र काढायचं.
समोरचा मुलूख जसाच्या तसा, शिसपेन्सिलीनं:
बांध, रहाट, वीटभट्टीचं धुराडं,
एकटं झाड.
मग हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा.
झाडापासून तीन बोटं उजवीकडे.
तिथं.

"साहेब म्हणायचे, फडतरे, तुझा हात देवाचा.
तुझं झाड बघून आंधळ्यालाबी झाड घावंल."
सकाळी झाड नव्हतं.
तीन बोटं उजवीकडेही काही नव्हतं.
कागदावर तेवढं सगळं होतं,
शेंड्यापर्यंत.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षं
त्या हातानं फक्त सह्या केल्या.

एका उन्हाळ्यात गाव डोंगरावर गेलं, चर खणायला.
पोरांना उतार समजेना, फक्कीच्या रेघा वाकड्या जायला लागल्या.
कोणीतरी म्हणालं, फौजी आबांना आणा, त्यांना नकाशा कळतो.
आबांनी रेघा सरळ करून दिल्या
आणि पहिल्या चराच्या काठावर थांबले ते थांबलेच.
"वाकून बसला तर माणूस मावतो ह्यात," म्हणाले.
सातवीतली एक पोरगी आत बसून
भाकरी-ठेचा खात होती. मान वर न करता म्हणाली,
"ह्यात पाणी बसायचंय आबा, आपण नाही."
तेव्हा उतरले. तासाभरानं.

आता शाळेच्या गच्चीवरून डोंगर काढतात.
चित्रकलेचे लोखंडे सर एकदा बघून गेले,
मला म्हणाले, अंतरं सगळी चुकतात हो त्यांची.
लांबची टेकडी जवळ येते,
विहीर प्रत्येक कागदावर जागा बदलते,
येरळा एकदा इकडून, एकदा तिकडून.
आणि झाड कधी एकटं नाही,
करंजाला खेटून लिंब, लिंबाखाली सीताफळी,
कुठलं कुठलं सांगता येत नाही.
मी हे आबांना सांगितलं.
हसले. "सरांना म्हणावं, चुकायला फार शिकावं लागलं."

एक चित्र त्यांनी दुकानाला दिलं.
रविवारी ते घेऊन मी पोराला स्कूटरवर बसवून डोंगरावर गेलो.
हात लांब केला, एक डोळा मिटला,
बोटं लावून पाहिली.
कुठंच जमेना.
चर गवतानं भरून आलेले, नुसते दिसायचे नाहीत;
पोरगं एकात पडलं
आणि मोजेभर कुसळं घेऊन हसत वर आलं.
मेंढरामागं एक म्हातारा होता, त्याला विचारलं,
चित्रातली ही हीर कुठली म्हणायची?
त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाला, "हीर तर तुमच्या मागं हाय की.
पर ही ती न्हवं."

चित्र परत काउंटरमागं लावलंय, कॅलेंडरशेजारी.
आबांचं सामान बांधून ठेवलंय:
दोन पिवळे, दोन निळे, एक पांढरा.
हिरव्याच्या बाटल्या काचेत तशाच वाळताहेत.
परवा एक उघडायला गेलो,
झाकण निघालं नाही.