घसारा

बत्तीस वर्षं मी विम्याचा सर्वेअर.
कोंढाळीचा घाट, बुटीबोरीचं वळण, कळमेश्वरचं फाटक,
चेपलेल्या गाड्यांभोवती खडू घेऊन फिरायचो
आणि लिहायचो: दुरुस्ती परवडणार नाही.
पाच वर्षांवर निम्मा घसारा.
लोखंडाचं वय मला तोंडपाठ होतं.

ही सापडली कामठीला,
बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये,
सरकीच्या रिकाम्या पोत्यांखाली.
दोन माणसांपुरती. दारं मांडीएवढी.
बॉनेट इतकं लांब, की गावाला आधी नाक पोचणार,
आपण मागाहून.
आणि पत्र्याच्या आत सांगाडा लाकडाचा.
त्याचा सर्व्हे माझ्याआधी वाळवीनं केलेला.

"हे घेतलं काऊन तुमी?"
गड्डीगोदामचे बावणे सुतार टॉर्च मारत म्हणाले.
मला उत्तर आलं नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
खाली बसले, आणि बोटानं लाकूड टोकरत
तासभर बसूनच राहिले.

सीटखालची फळी निघाली तेव्हा
तिच्या पाठीवर पेन्सिलीची रेघ,
रेघेशेजारी इंग्रजीत 'डावा', आणि एक नाव: फ्रँक.
साठ वर्षांपूर्वी कुणी एक माणूस,
कानावर पेन्सिल खोचून,
डावं-उजवं चुकू नये म्हणून थांबलेला.
बावण्यांनी आलापल्लीच्या सागाची नवी फळी तासली,
जुनीच्या शेजारी बसवली,
आणि लिहिलं: डावा. बावणे. मंगळवार.

मोमीनपुऱ्यात गफ्फार मिस्त्री पत्रा कानानं बघतात.
वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियम ठेवून
लाकडी मोगरीनं ठोकत जायचे,
मध्येच थांबून डोळे मिटायचे,
"अजून पोकळ बोलतोय."
पाच महिने. दर शुक्रवारी सुट्टी.
उजवा मडगार्ड डाव्यापेक्षा अर्धा बोट फुगीर आहे, हे मी दाखवलं
(सवय जात नाही)
तर ते म्हणाले,
"तुमचे दोन्ही कान मोजू का साहेब?"

पुतण्याची नवी गाडी बोलते, रस्ता सांगते,
स्वतःच जागा बघून उभी राहते.
तो तिच्यात सुखानं बसतो, फोन बघतो.
मी हिच्यात बसतो तेव्हा
चोक किती ओढायचा ते हवेवर,
दुसरा गिअर कधी द्यायचा ते पोटातल्या आवाजावर.
थोडं दुर्लक्ष झालं की ही हिसका देते,
शेजारी बसलेल्या माणसासारखा कोपर मारून.

मे महिन्यात हिला फक्त पहाटे पाचला काढता येतं.
अंबाझरीवरून वाडीच्या पुढं, रस्ता रिकामा असेपर्यंत,
मग तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी.
पोरं फोटो काढतात. किंमत विचारतात.
एक म्हातारे मात्र काही न विचारता
दारावर तळवा ठेवून उभे राहिले,
गायीच्या पाठीवर ठेवावा तसा.

घरी इंदुमतीनं हिच्या पोटाखाली
जुनं जर्मनचं ताट ठेवलंय तेलाच्या थेंबांसाठी.
"तुमच्यापेक्षा हिलाच जास्त घाम येतो बाप्पा," म्हणते,
आणि कूलरचं तोंड जरा गॅरेजकडे वळवते.
मी बघितलं नाही, असं तिला वाटतं.

विम्याचा फॉर्म आलाय. माझ्याच जुन्या कंपनीचा.
नवा पोरगा येऊन खडू न लावता फोटो घेऊन गेला.
आजची किंमत: रकाना रिकामा.
घसारा: रकाना रिकामा.
मालकाचं नाव तेवढं लिहिलंय मी,
ते लिहितानाही हात थोडा अडखळला.

शेवटच्या दिवशी गफ्फारभाईंनी मोगरी माझ्या हातात दिली होती.
"एक तुमचाही."
मी मारला. चुकला.
त्यांनी तो भरला नाही, तसाच रंगाखाली जाऊ दिला.
संध्याकाळी साडेसहाला, शेजारच्यांच्या पेरूच्या झाडाआडून
ऊन तिरपं आलं की
मागच्या पत्र्यावर दिसतो:
चवलीएवढा खळगा.
मी खुर्ची तिथंच टाकून बसतो.