दम खायचे दहा सेकंद

वेकफील्डच्या आमच्या शाळेत हॉल एकच.
पावणेबाराला त्यात मला टेबलं मांडायची असतात,
त्याआधी तो जिम.

बटाटे ओव्हनमध्ये सरकवते
आणि वाढपाच्या खिडकीचं शटर टीचभर वर करते.
तेवढ्यातून नववीची पोरं दिसतात, गुडघ्यापर्यंतच:
चोवीस जोड्या बूट, त्यातली एक
हरवलं-सापडलंच्या खोक्यातली.
वाकलं, तर समोरचा पडदाही.

मिस ऑलरेनशॉ शिट्टी वाजवत नाहीत,
भिंतीवरचा भोंगा वाजतो.
वीस सेकंद जीव तोडून. दहा सेकंद दम खा.
पुन्हा वीस. असं आठदा. झाली चार मिनिटं,
अंडं उकडायलाही याहून जास्त लागतात.

उड्या, जागच्या जागी पळणं, आणि काय सांगू, उठाबशा!
जयसिंगपूरला आम्ही त्या कान धरून काढायचो,
वही विसरली म्हणून, वर्गासमोर.
इथे त्यांना ढोलबडव्या गाण्याची साथ
आणि कान मोकळे.

छातीला पट्टे. पडद्यावर प्रत्येकाचा चौकोन,
चौकोनात ठोक्यांचा आकडा, आकड्याला रंग.
लाल झाला की मिस म्हणतात, शाब्बास.
गॅसचं बिल लाल अक्षरांत आलं
तेव्हा मला कुणी म्हणालं नव्हतं.

टोबियाश उड्या कमी मारतो, स्वतःचा आकडा जास्त बघतो.
कीली थॅकरे पट्टा मुद्दाम सैल बांधते,
तिच्या चौकोनात नुसती सरळ रेघ.
"मिस, मी मेलेय," ती ओरडते,
हसून हसून सगळ्यांचे आकडे वर.

आणि निहार. माझा.
शाळेत मी त्याची कुणी नाही, असं आमचं ठरलंय.
म्हणजे त्याने ठरवलं, मी मान हलवली.
रांगेत येतो, बीन्स घेतो, थँक्स म्हणतो,
कुणालाही म्हणावं तसं.
पण चौकोन कुणाला लपवता येतो?
आज भोंग्याच्या आधीच, नुसता उभा असताना,
एकशे अठरा.

काल त्याच्या बाबाचा डंडीहून फोन आला होता.
दार लोटून बोलला. मग जेवेना.
मी दम दिला.
दुसरं काही द्यायला हाताशी नव्हतं, रात्रीचे दहा वाजलेले,
पायांत अजून ऑफिसं झाडून आलेले बूट.

दम देणं, दम धरणं, दम काढणं.
मला सगळं जमतं, खाणं तेवढं नाही.
हुतूतूत शिकले ना मी:
एका दमात आत, दोघींना शिवून परत,
मधे श्वास घेतला की बाद.
पुढे कुणी शिट्टी वाजवली नाही, खेळ संपला म्हणून.
आणि ही अठ्ठावीस वर्षांची पोरगी
मुलांना सांगते, थांबता ना, तेही व्यायामातच धरलंय.
खरं असेल. तिने शिकलंय त्याचं.

सहावी फेरी. भोंगा.
निहार गुडघ्यांवर हात टेकून ओणवा झाला,
आणि त्याचं तोंड बरोबर माझ्या फटीच्या उंचीला आलं.
नाकाच्या शेंड्यावर घाम. वरच्या ओठावर
लव आलीय, हे मला कधी दिसलंच नव्हतं.
त्याने पाहिलं.
हाक मारायची नाही, हे ठरलेलं.
मी नाकाने श्वास आत ओढून दाखवला, सावकाश,
लहानपणी सुई टोचायच्या आधी दाखवायचे तसा.
त्याची नजर हलली नाही.
मग त्याचे खांदे वर गेले,
आणि खाली आले.
एकशे ब्याऐंशी. एकशे शहात्तर. एकशे एकोण—

भोंगा.
इकडे ओव्हनचाही वाजला. बटाट्यांच्या कडा करपलेल्या,
शेवटच्या दोन फेऱ्या मी पाहिल्याच नाहीत.

साडेबाराला रांग.
बीन्स. थँक्स.
ट्रे धरून तो तिथेच उभा राहिला,
दोन सेकंद, तीन,
मागून कीलीने ढोसेपर्यंत:
"सरक ना पुढे, मेलेय मी."