एकेचाळीस खाचा

कातुबिग नदीकाठच्या या माडावर
माझ्या पायाच्या मापाच्या खाचा बापाने कोरल्या.
एकेचाळीस.
त्याच्या पायाच्या, त्याच्या बापाने,
शेजारच्या माडावर. तो वादळात गेला.

वर गेलं की समुद्र दिसायचा.
शंभर नारळांमागे मजुरी ठरलेली,
समुद्र फुकट.
भाऊ इसाबेलो तिथूनच पडला.
मी मग खाली बघणं सोडलं,
चढणं नाही.

सून रोसेंदा रोपं घेऊन आली तेव्हा
मी म्हणालो, ही भाजी कसली?
चौथ्या वर्षी धरतात म्हणे, छातीएवढ्या उंचीवर.
"बाबा, नव्वदीच्या म्हातारीकडे
अजून लेकरं मागताय तुम्ही."
माडाबद्दलच बोलत होती.

आधी भट्टी गेली.
करवंट्यांच्या धुरावर खोबरं भाजायचो,
खोबरं काळं, डोळे लाल.
व्यापारी मेलेकियो अंगठ्याने दाबायचा,
"ओलं आहे," म्हणायचा,
शंभर किलोमागे चौदा कापायचा.
वीस वर्षं मला वाटलं,
त्या अंगठ्याला काहीतरी कळतं.

आता प्लॅस्टिकच्या छपराखाली ऊन वाळवतं,
आणि रोसेंदाच्या खिशात एक यंत्र असतं,
काडेपेटीहून जरा मोठं.
खोबऱ्यात टोचलं. सहा.
मेलेकियोने यंत्राकडे पाहिलं,
मग स्वतःच्या अंगठ्याकडे, बराच वेळ.
त्या दिवशी त्याने चौदा कापले नाहीत.
चार कापले.
सवय असते माणसाला.

माड पाडला तेव्हा मी घरी नव्हतो.
म्हणजे होतो, परसात,
कोंबड्यांना दाणे टाकत,
त्यांना भूक नसतानाही.

त्याचं खोड ओढ्यावर आडवं टाकलंय,
पलीकडे कोकोची झाडं, केळी,
आणि ते बुटके, आपल्याच फळांनी अवघडलेले.
पावसात लाकूड निसरडं होतं,
खाचांमुळे पाय टिकतो.
रोज सकाळी मी त्यावरून जातो,
जुन्या सवयीने मोजत. एकोणचाळीस. चाळीस.

शेवटच्या खाचेशी समुद्र नसतो.
रोसेंदा असते,
पोर कडेवर, उजव्या हातात कोयता,
जमिनीवर उभी राहून नारळ उतरवते.
कधी चढावंसं वाटलं का,
हे मी तिला विचारलं नव्हतं.
काल विचारलं.

हसली. म्हणाली,
"वरून काय दिसायचं हो?"
पोराला माझ्याकडे दिलं
आणि पुढच्या माडाकडे वळली.