सीट

पहिली गेली तेव्हा मी ओरडलो.
जोडबसवण्णा चौकात, चहाच्या गाड्यापाशी,
अर्धा कपसुद्धा झाला नव्हता.
काळी, चोवीस इंची, सासऱ्यानं लग्नात दिलेली,
मडगार्डवर पांढऱ्या रंगात
न. रा. इराबत्ती.
नावासकट गेली.
त्याचंच जास्त लागलं,
की कुणीतरी माझं नाव मागच्या चाकावर घेऊन
गावभर हिंडतंय.

दुसरी जुन्या बाजारातली.
कारखान्याच्या दारातून गेली, रात्रपाळीत.
आत चोवीस माग खडखडत होते,
बाहेर कुणी कुलूप फोडलं काय, डोंगर फोडला काय,
ऐकू कुणाला येणार.
सकाळी जागेवर फक्त साखळी होती,
घडी घातलेली.
टॉवेलची घालतात तशी, कडेला कड जुळवून.
म्हणजे पॅकिंग खात्यातलाच कुणी.
पॅकिंगमध्ये अकरा जण. सगळ्यांशी माझं चांगलं आहे.

चौकीत हवालदारानं विचारलं, बिल?
जुन्या बाजारात बिल कोण देतं.
काही खूण?
म्हटलं, पायडल मारलं की डावीकडं कटक् वाजतं.
त्यानं ते लिहून घेतलं.
खरंच लिहून घेतलं: डावीकडे कटक्.

तिसरीच्या वेळी राजमणी
सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.
नऊ हजार विड्या, एवढंच म्हणाली,
आणि कात्री पुन्हा चालू.

मग मी सीट काढून घ्यायला लागलो.
पाना खिशात, दोन फेरे, सीट काखेत.
बिनसीटची कोण नेणार,
आणि नेलीच तर बसणार कशावर?

मागावर असताना सीट खुंटीला, डब्याच्या पिशवीशेजारी.
दवाखान्यात मांडीवर.
मेहुणीच्या लग्नात एका हातात अक्षता, काखेत सीट.
फोटोवाला म्हणाला, काका, ते जरा खाली ठेवा.
ठेवली नाही. फोटोत आहे.
गड्ड्याच्या जत्रेत नातवाला घेऊन पाळण्यात बसलो,
तेव्हाही होती.
पाळणा वर जाऊन थांबला, खाली सगळं सोलापूर,
दिवे, धूळ, आणि कितीतरी सायकली.
त्यातल्या तीन माझ्या.

रस्त्यात कुणी भेटलं की विचारतं,
'ओ इराबत्ती, सीट घिऊन कुठं जाऊलालाव?'
म्हणतो, सायकलकडं.

परवा चौथी गेली.
पाच दिवसांनी पाणी सुटलं होतं,
घागरी आत नेईपर्यंत दहा मिनिटं.
ती दारात उभी, सीट आत फडताळात.
बिनसीटचीच नेली.

ओरडलो नाही. चौकीतही गेलो नाही.
रात्री पडल्या पडल्या त्याचाच विचार.
अक्कलकोट रोडनं गेला असेल
तर उभ्यानं पायडल मारत गेला असेल,
कुठं टेकायला नाही.
दमला असेल. विसरून बसायला गेला असेल,
आणि मधोमध तो लोखंडी नळा...
इथं मला अंधारात हसू फुटलं.
एमैंदी? राजमणीनं विचारलं.
सांगितलं. तीही हसली,
पदर तोंडात कोंबून, बाजूची पोरं उठतील म्हणून.
बऱ्याच वेळानं, झोप लागली असं वाटल्यावर,
कूस बदलून म्हणाली,
शाळेतलं पोरगं असलं तर?

ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी पायीच निघायचं होतं.
तरी फडताळ उघडलं, सीट पुसली,
एक स्प्रिंग कुरकुरतं, त्याला तेल सोडलं.
न्यावी की ठेवावी,
उंबऱ्यात थोडा वेळ उभा होतो.
मग घेतली काखेत.
इतक्या वर्षांत काखेला सवय झालीय.

कारखान्यापर्यंत चार किलोमीटर.
उभ्यानं सायकल चालवणारं
कुणी दिसलं नाही.
बघत मात्र होतो.