दोन गुंजांचा फरक

हुपरीत आमच्या घरी घुंगरं मोजून यायची,
प्लास्टिकच्या डब्यात, वर वजनाची चिठ्ठी.
आई डाग द्यायची.
डाव्या हातात चिमटा, ओठांत फुंकणी,
टाकणखाराचा वास भाताला, वह्यांना, माझ्या वेणीला.
शनिवारी नाभिराज शेठ यायचे.
एक पैंजण ह्या पारड्यात, एक त्या,
काटा जरा कलला की चष्मा वर सरकवायचे,
"शेवंताबाई, जोड एकसारखी नाही."

मी तेव्हा पाचवीत.
वहीत होतं : समान × ______
विचारलं, आई, समानच्या उलट काय गं?
तोंडात फुंकणी, तिला बोलता येईना.
ज्योत विझवून म्हणाली, "उन्नीस-बीस."
मग म्हणाली, "कमीजास्त. थोरलं-धाकटं. विजोड."
मग फुंकणी पुसत पुसत, "तुझा बा."

बा सोमवारी कामावर,
मंगळवारी तालमीच्या कट्ट्यावर,
बुधवारी कुठं, ते बुधवारलाच ठाऊक.

गाईडमध्ये उत्तर होतं : असमान.
तिनं मला दोनदा वाचायला लावलं.
"म्हंजे नुसता म्होरं अ चिकटवला?
असला डाग आमी दिला तर
शेठ माल तोंडावर मारतील."

डाग म्हणजे सांधा.
डाग म्हणजे दागिना, लग्नात मोजतात तो.
आणि डाग म्हणजे
इनामदार बाईंना माझ्या पांढऱ्या झग्यावर दिसायचा तो.
एकच शब्द, तीन घरचा पाहुणा,
कुठल्याच घरी सारखा वागला नाही,
आणि त्याला कधी कुणी काट्यावर घातलं नाही.

त्याच बाई.
मी दारातून म्हटलं, बाई, मी आलो.
"आलो नाही, आले. मुलगी आहेस ना तू?"
वर्ग हसला. हसणाऱ्या सगळ्या पोरीही
घरी जाऊन 'मी आलो'च म्हणणार होत्या.
आईला सांगितलं तर म्हणाली,
"मी जेवलो, मी दमलो, मी जरा पडलो.
दमल्यावर बाई काय नि बाप्या काय."

एकदा एक जोड परत आली, दोन गुंजांच्या फरकानं.
दुसऱ्या दिवशी तोडून पुन्हा जुळवायची होती.
चांदी शेठची, पाय आपले.
रात्री बा झोपल्यावर तिनं ती घातली
आणि चुलीपासून दारापर्यंत चालून बघितली.
उजवा पाय बारीक वाजायचा, डावा भरीव.
म्हणाली, "ब्येस हाय की.
आंधारात कळतंय तरी, कुठला पाय म्होरं हाय."

आता मी मंगळवार पेठेतल्या शाळेत मराठी शिकवते.
तेवढ्या एका रिकाम्या जागेसाठी
खूप शब्द आणून ठेवलेत.
विषम म्हटलं की ज्वर आठवतो.
विसंगत म्हटलं की कुणीतरी वाटेत मागं राहिलेलं.
भिन्न फार स्वच्छ, त्याला घामच येत नाही.
लहरी चालेल, पण तो नेहमी दुसऱ्याविषयी.
त्यातल्या त्यात धरसोड बरा,
एकाच शब्दात मूठ आवळते नि उघडते.

परवा एका पोरानं लिहिलं : समान × उन्नीस-बीस.
गाव विचारलं, तर तळंदगे.
अर्ध्या गुणाची सोय नाही आमच्याकडे.
तरी अर्धा दिला.
बेरीज चुकली म्हणून पेपर परत आलाय,
टेबलावर पडलाय.

शनिवारी केएमटीनं घरी जाते.
स्टाफरूममध्ये सही करताना म्हणते, निघाले हं मी.
हुपरीत उंबऱ्यातून हाक मारते, आई, आलो गं.
मध्ये उचगाव, मुडशिंगी, वसगडे, पट्टणकोडोली.
नेमक्या कुठल्या थांब्यावर
ती एक मात्रा उतरते आणि काना चढतो,
कितीदा ठरवलं, लक्ष ठेवायचं.
दर वेळी डोळा लागतो.